पाहुण्या संघासाठी लिहिलेली नियमावली

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज वाचला आणि फार बरं वाटलं. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचं यजमानपद यंदा तुमच्या कॉलेजकडे आलं आणि जिमखान्याची सगळी सूत्रं तुझ्याकडे, याहून योग्य माणूस त्यांना मिळाला नसता. तू विचारलंस, तिकडं कॉलेजचे सामने कसे चालवतात, काही घेण्यासारखं आहे का. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून सवडीनं लिहायला बसलोय.

आधी इथली रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अमेरिकेत कॉलेजचा खेळ एनसीएए या संस्थेच्या छत्राखाली चालतो. तिचे तीन विभाग आहेत. मी पेनसिल्व्हेनियातल्या ज्या छोट्या कॉलेजात सामन्यांचं व्यवस्थापन बघतो, ते तिसऱ्या विभागात येतं. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. पोरं आवडीनं खेळतात, सकाळी प्रयोगशाळेत असतात आणि संध्याकाळी मैदानावर. या विभागांच्या आत कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आठ-दहा कॉलेजं एकत्र येतात, आपापसात साखळी खेळतात, जिंकल्यावर 3 गुण, बरोबरीला 1. शेवटी वरच्या संघांची छोटी स्पर्धा होते आणि तिचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. सगळा हंगाम ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत उरकायचा. आठवड्यात दोन सामने ठरलेलेच, त्यामुळं पोरांचे पाय कधी मोकळे नसतात.

खेळाचे नियम एनसीएएच्या पुस्तकातले. ते फिफाच्या नियमांपासून बरेच वेगळे आहेत, त्याबद्दल पुढं लिहितो. पण सामना भरवायचा कसा, याची नियमावली प्रत्येक कॉन्फरन्सची स्वतःची असते आणि मला खरी किंमत तिचीच वाटते. ती वाचताना एक गोष्ट पानोपानी दिसते. ती यजमानाच्या हातात असलेली, पण बाहेरून आलेल्या संघाच्या बाजूनं लिहिलेली आहे. मैदान आपलं, प्रेक्षक आपले, घड्याळ आपलं, माइक आपला, चेंडू परत देणारी पोरंसुद्धा आपलीच. एवढं सगळं ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याचा फायदा उठवू नये, यासाठी एकेक कलम घातलंय.

पाहुण्या संघाला कुलूप लागणारी ड्रेसिंग रूम द्यायची. बर्फ आणि पाणी त्यांच्या बेंचजवळ आधीच ठेवायचं, मागायची वेळ येऊ द्यायची नाही. मैदानावर पात्रताधारक ॲथलेटिक ट्रेनर हवाच. म्हणजे दुखापती बघणारा प्रशिक्षित माणूस, आपल्याकडं स्प्रे घेऊन धावणारा पोरगा असतो तसा नव्हे. डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि तो परत आत जाणार की नाही हे तो ट्रेनर ठरवतो. कोच कितीही ओरडला तरी त्याचं चालत नाही. या एका नियमासाठी मी या लोकांना कायम मानीन. तुला आपल्या वेळचा तो सेमीफायनल आठवत असेल. आपल्या स्टॉपरला हवेत टक्कर बसली होती, तो कुठल्या गोलकडं खेळायचं ते विचारत होता, आणि तरी पूर्ण सामना खेळला. त्याला बाहेर काढायचा अधिकार असलेला एकही माणूस त्या मैदानावर नव्हता.

पंचांचंही तसंच. पंच नेमायचे ते कॉन्फरन्सनं नेमलेल्या माणसानं, यजमान कॉलेजनं नाही. मानधन यजमान देतो, पण नावं तो ठरवत नाही. आपल्याकडं यजमान कॉलेजचेच पी.टी.चे सर कधी लाइनमन म्हणून उभे राहतात, मग ते कितीही सचोटीचे असले तरी ऑफसाइडचा पहिला झेंडा वर गेला की समोरच्या बेंचवर कुजबुज सुरू होते. सरांवरही तो अन्यायच.

माइकवरच्या निवेदकासाठीही कलम आहे. गोल कुणीही केला तरी नाव नीट घ्यायचं, पाहुण्या पोरांच्या नावांचे उच्चार आधी त्यांच्या कोचला विचारून घ्यायचे, पंचांच्या निर्णयावर अवाक्षर काढायचं नाही. चेंडू खेळात असताना गाणी बंद. भोंगे, पिपाण्या आत आणायच्या नाहीत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे पेठांचे संघ समोरासमोर असताना जो गजर होतो, तो मला इथं दर शनिवारी आठवतो आणि तो थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. पेठांच्या फुटबॉलचा तो जीव आहे. पण कॉलेजच्या स्पर्धेत गडहिंग्लजहून किंवा सांगलीहून आलेल्या अठरा वर्षांच्या गोलकीपरच्या मागं उभं राहून नव्वद मिनिटं त्याच्या आईबापाचा उद्धार करणं, हे त्यात बसत नाही. तिथं तू कडक राहा.

आता घड्याळ. हे तुला सविस्तर सांगायचंच आहे. इथं कॉलेज फुटबॉलमध्ये वेळ पंचांच्या मनगटावर नसते, ती स्कोअरबोर्डवर असते आणि उलटी चालते. 45:00 पासून खाली. गोल झाला, पेनल्टी मिळाली, कार्ड दाखवलं, कुणी जखमी झाला की पंच डोक्यावर दोन्ही हात आडवे करतात आणि टेबलावरचा माणूस बटण दाबून घड्याळ थांबवतो. भरपाईचा वेळ हा प्रकारच नाही. शेवटची दहा सेकंदं मोठ्यानं मोजतात, शून्य झालं की भोंगा. चेंडू पूर्णपणे गोलरेषेपार त्याआधी गेला असेल तर गोल, नाहीतर नाही.

त्या टेबलाशी मी रोज असतो. बटणावर बहुतेक वेळा आमच्याच कॉलेजचा एखादा विद्यार्थी असतो, तासाच्या पगारावर. त्याच्या शेजारी स्कोअरर, आणि मध्येच पाहुण्या संघाचा सहायक कोच येऊन घड्याळाकडं बघून जातो. सामन्याआधी पंच त्या पोराजवळ येऊन बसतात, खुणा पुन्हा करून दाखवतात, आणि एकच गोष्ट बजावतात: नजर चेंडूवर नको, माझ्यावर ठेव. त्या पोराचे सगळे मित्र समोरच्या कठड्यावर बसून ओरडत असतात, आणि त्याला आपल्याच संघाचा गोल बघायची मुभा नाही. गोल झाला की पहिलं काम बटण. मला त्या पोरांचं फार कौतुक वाटतं.

युरोपचा फुटबॉल बघणाऱ्यांना हे घड्याळ आवडत नाही. त्यांचं म्हणणं, यानं खेळाची लय तुटते. मला तसं वाटत नाही. वेळ सगळ्यांना दिसते, त्यामुळं पंचांवरचा निम्मा संशय तिथंच संपतो. आघाडीवर असलेल्या संघानं शेवटच्या काही मिनिटांत बदली खेळाडू घेतला तरी घड्याळ थांबवतात, म्हणजे रमतगमत बाहेर चालत येण्यात काही हशील राहत नाही. आपल्याकडं शेवटच्या मिनिटांत कितीजणांच्या पिंढरीत गोळे येतात ते तू जाणतोसच.

बदली खेळाडूंचा नियम मात्र मला पटलेला नाही, आणि तो तू उचलू नयेस असं मला वाटतं. इथं किती खेळाडू बदलायचे याला मर्यादा नाही. पहिल्या अर्धात बाहेर गेलेला त्या अर्धात परत येत नाही, दुसऱ्या अर्धात एकदा परत येऊ शकतो. यामागचा विचार चांगला आहे. आठवड्याला दोन सामने, संघात पंचवीस-तीस पोरं, सगळ्यांना खेळायला मिळावं. पण होतं असं की कोच विसाव्या मिनिटाला ताजे चार-पाच पाय एकदम आत सोडतो, अर्ध संपेपर्यंत नुसती दमछाक करायला लावतो आणि दुसऱ्या अर्धात पुन्हा पहिले खेळाडू. दमलेल्या माणसानं डोकं चालवून खेळायचं, चेंडू ठेवायचा, वेळ घ्यायचा, ही फुटबॉलमधली मोठी विद्या आहे. ती इथल्या पोरांना शिकायलाच मिळत नाही. शिवाय ज्याचा बेंच मोठा त्याचा फायदा, आणि आपल्या ग्रामीण कॉलेजांकडं तेरा-चौदा पोरं जमवतानाच मारामार असते.

बाकीचं थोडक्यात. हंगामात पाच पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना बाहेर, लाल कार्डालाही पुढचा सामना नाही. हिशेब कोचच्या आठवणीवर सोडलेला नसतो, प्रत्येक सामन्याची नोंद त्याच रात्री वर पाठवावी लागते. साखळीत 2022 पासून जादा वेळ काढून टाकला. आधी दहा-दहा मिनिटांचे दोन डाव असायचे आणि पहिला गोल करणारा जिंकायचा. आता नव्वद मिनिटांनंतर बरोबरी ती बरोबरी. पोरांच्या पायांचा विचार करता हे योग्यच झालं. बाद फेरीत निकाल लागावाच लागतो, तिथं जादा वेळ आणि मग पेनल्टी.

विजांचा नियम मात्र तू शब्दशः घे. त्यात एका अक्षराचीही तडजोड नको. वीज दिसली किंवा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्यायचं. शेवटच्या विजेनंतर किंवा गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं. त्या तीस मिनिटांत पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून. झाडाखाली, मंडपात, पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहायचं नाही.

याच हंगामात आमच्याकडं असा प्रसंग आला. सामना कॉन्फरन्सचा, आमचे 1-0 नं पुढं, अडुसष्टावं मिनिट. एनसीएएच्या पुस्तकात असं आहे की हवामानामुळं सामना कायमचा थांबवावा लागला आणि 70 मिनिटं पूर्ण झाली असतील तर तो पुरा झाला असं धरायचं, त्याआधी थांबला तर सामना झालाच नाही. काही कॉन्फरन्सचा स्वतःचा वेगळा नियम असतो, थांबला तिथूनच दुसऱ्या दिवशी पुढं खेळायचं. आमचा सामना थांबला तेव्हा दोन मिनिटं कमी होती, आणि मैदानावरच्या प्रत्येकाला ते स्कोअरबोर्डवर दिसत होतं. लांब कुठंतरी गडगडलं. आमच्या प्रेक्षकांतून लोक ओरडायला लागले, चालू दे, चालू दे, काही नाही. आमच्या ट्रेनरबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. त्या सरळ चौथ्या पंचाकडं गेल्या, पंचांनी डोक्यावर हात आडवे केले, घड्याळ थांबलं.

दोन्ही संघ जिममध्ये नेले. एका भिंतीला आमचे, दुसऱ्या भिंतीला ते, बूट काढून पाय पसरून बसलेले. त्यांच्या बसचा ड्रायव्हर परतीचं किती अंतर आहे ते सांगत होता. पुन्हा गडगडलं, पुन्हा तीस मिनिटं. आमच्या काही पालकांनी मला गाठून विचारलं, पुढच्या दोन मिनिटांचंच काय ते, एवढं ताणायची काय गरज होती? मी सांगितलं, यजमान ट्रेनरनंच थांबवलंय, आणि आपण पुढं असताना थांबवलंय. यापेक्षा चांगली गोष्ट आपल्या मैदानावर या वर्षी झालेली नाही. मला तेव्हा अभिमान वाटत होता, आजही वाटतो. रात्री दिव्याखाली सामना पुन्हा सुरू झाला आणि शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी बरोबरी साधली. आमची पोरं रडवेली झाली. तरी ओळीनं उभं राहून सगळ्यांशी हात मिळवले.

कॉन्फरन्सचं सगळंच गोडगोड आहे असं समजू नकोस. मोठ्या, म्हणजे पहिल्या विभागात टीव्हीच्या पैशापायी या गटांची पार मोडतोड झालीय. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठं 2024 मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. एक किनारा पॅसिफिकचा, गटाचं नाव अटलांटिकचं! फुटबॉलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या हिशेबानं घेतलेला निर्णय, आणि साखळीच्या सामन्यासाठी देश ओलांडायचा तो आपल्या खेळातल्या पोरापोरींनी. कॉन्फरन्सचा अर्थच शेजारधर्म असा होता. बसनं जाऊन रात्री घरी परत यायचं, वर्षानुवर्षं त्याच मैदानांवर त्याच संघांशी भिडायचं. आमच्या तिसऱ्या विभागात ते अजून टिकून आहे. तुझ्याकडंही कोल्हापूर, सांगली, सातारा एवढ्याच परिघात सगळं आहे, ते जप.

तर तुझ्यासाठी माझं म्हणणं असं. स्कोअरबोर्डचं घड्याळ परवडणार नाही, मान्य. पण प्रत्येक सामन्याला एक टेबल मांड, त्यावर दोन्ही कॉलेजांचा एकेक माणूस शेजारी बसव, बदल्या आणि कार्डं दोघांच्या सह्यांनी नोंदव. पंच के.एस.ए.कडून, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडून मागव, नेमणूक त्यांच्याकडंच सोपव. तुमच्या शहरातल्या एखाद्या फिजिओथेरपी कॉलेजला विचार, शेवटच्या वर्षाची मुलं शिक्षकांसह आनंदानं येतील. डोक्याच्या दुखापतीचा निर्णय त्या शिक्षकांचा, हे उद्‌घाटनाच्या आधी सगळ्या कोचकडून लिहून घे. आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतातच, तेव्हा सामने सकाळी लाव. थांबलेल्या सामन्याचं काय करायचं ते आजच कागदावर ठरव. मैदानावर वाद सुरू झाल्यावर ठरवलेला नियम कुणालाच न्याय्य वाटत नाही.

आमच्या नियमावलीतली पाहुण्या संघाच्या सोयीची यादी मी मराठीत उतरवून पाठवतो. तुझा मसुदा तयार झाला की मला लगेच धाड, विद्यापीठाकडं जाण्याआधी मी एकदा बारकाईनं वाचतो. आणि कोणकोणती कॉलेजं येणार आहेत, मुलींचे संघ किती, तेही कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच,
विज्या