नाचणारे शरीर आणि डीजेचा खर्ज

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की डीजेच्या भिंतींवरून (सातारा-कोल्हापूरकडे त्यालाच डॉल्बी म्हणतात) दोन ठरलेले पक्ष समोरासमोर येतात. हल्लीच्या पोरांना नाचायला कानठळ्या बसवणारा गोंगाटच लागतो, अशी एकाची तक्रार असते, तर आवाज उतरवला की मिरवणुकीत कोणी पाऊलही उचलणार नाही, असे दुसऱ्याचे म्हणणे असते. माणसाला नाचवतो तो मोठा आवाज, याविषयी मात्र दोघांचेही एकमत आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि नृत्य यांवर झालेले संशोधन पाहता हे एकमतच मला शंकास्पद वाटते.

कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात ऑर्फेक्स या इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या जोडीच्या प्रत्यक्ष मैफलीत डेव्हिड कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, जो 2022 साली प्रसिद्ध झाला. नाचणाऱ्यांच्या डोक्याला हालचाल मोजणारे पट्टे बांधले होते आणि 8 ते 37 हर्ट्झ इतक्या खालच्या कंपनांचे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले जात होते. ते चालू असताना लोकांची हालचाल सुमारे 12 टक्क्यांनी वाढली, आणि गंमत म्हणजे असे काही वाजते आहे याचा नाचणाऱ्यांना पत्ताही नव्हता. म्हणजे जे धड ऐकूही येत नव्हते, त्यानेच अधिक नाचवले. त्वचेला जाणवणारा स्पर्श आणि अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा यांच्या वाटेने हा खर्ज शरीराच्या हालचालींपर्यंत पोहोचत असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

दुसरा अभ्यास ऑक्सफर्डचा आहे. ब्रॉनविन टार आणि सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात प्रत्येकाच्या कानाला हेडफोन होते. ज्यांनी एकाच वेळी एकसारख्या हालचाली केल्या, त्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली आणि रक्तदाबाच्या पट्ट्याने दंड आवळून पाहिला असता त्यांची वेदना सोसण्याची क्षमताही वाढलेली आढळली. एकत्र नाचण्यातली जी धुंदी आपण स्पीकरच्या खात्यावर जमा करतो, तिचा मोठा वाटा शेजारच्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळण्याचा असतो. ढोल-ताशा पथकात उभे राहिलेल्या कोणालाही हे निराळे सांगावे लागणार नाही.

ठेक्याची रचना हाही यातला एक भाग आहे. अगदी सरळ किंवा फार गुंतागुंतीच्या ठेक्यापेक्षा मधल्या, किंचित हुलकावणी देणाऱ्या ठेक्यावर नाचावेसे वाटते, हे मारिया विटेक यांनी 2014 साली दाखवले.

तरीही आवाजाचा काहीच संबंध नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी 2000 सालीच असे मांडले होते की सुमारे 90 डेसिबलच्या पुढे नृत्यसंगीत तोलाच्या त्या यंत्रणेलाच उत्तेजित करते आणि झोपाळ्यावर मिळतो त्या जातीचा आनंद देते. छातीत घुमणाऱ्या ठोक्याचे सुख खोटे नाही, आणि ते हेडफोनमधून मिळत नाही. पण ते सुख मुख्यतः खर्जाचे आहे. कानाचे पडदे सोलून काढणाऱ्या कर्कश वरच्या स्वरांची त्यासाठी काहीच गरज नाही, आणि मंडळांच्या युक्तिवादातली ही बाजू कोणी त्यांना विचारत नाही.

प्रशासनाची अडचण याहून वेगळी आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी भागाची दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा ‘ए’ भारांकनाने, म्हणजे माणसाच्या कानाला ज्या कंपनांचा आवाज कमी ऐकू येतो तो कमी धरून, मोजली जाते. या भारांकनात 50 हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षाहून सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. जो खर्ज मिरवणुकीला नाचवतो आणि भिंती भेदून शेजारच्या घरातल्या आजारी माणसाच्या छातीत धडधड उठवतो, तोच मापकाच्या आकड्यात जवळजवळ उतरत नाही. त्यामुळे आकडा वादात सापडतो आणि तक्रारदार खोटा ठरतो.

तेव्हा यंदा पोलीस आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी मिरवणूक मार्गावर ‘ए’सोबत ‘सी’ भारांकनाचीही नोंद घ्यावी, कारण त्यात खर्जाची वजावट नगण्य असते. दोन्ही आकडे दुसऱ्या दिवशी जाहीर करावेत, आणि मंडळांना परवानगी देताना स्पीकरच्या संख्येइतकीच सब-वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या खास स्पीकरच्या) क्षमतेचीही अट घालावी.

आपला,
एक वाचक, पुणे