कॉलेजच्या वायफायची सूचना आणि 'इन्स्टॉल एनीवे'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजं सुरू झालीयत, होस्टेलवर वायफाय जोडायची गडबड चाललीय. भाच्याच्या कॉलेजने (नाव नको) वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी सूचना टाकली ती बघून, नेटवर्कचंच काम करतो म्हणून असेल, मी कपाळाला हात लावला. सूचना काय, तर युजरनेम-पासवर्ड टाका, सीए सर्टिफिकेटपुढे (म्हणजे सर्व्हरची ओळख तपासायला लागणारं डिजिटल प्रमाणपत्र) 'डू नॉट व्हॅलिडेट' निवडा, तो ऑप्शन नसेल तर सोबतची फाइल इन्स्टॉल करा.

आता 'डू नॉट व्हॅलिडेट' म्हणजे समोरचा सर्व्हर खरंच कॉलेजचा आहे का हे फोनने बघायचंच नाही. गेटबाहेर टपरीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या कोणीही त्याच नावाचं वायफाय चालू केलं की फोन आपणहून तिकडे लॉगिन करायला जातो, पासवर्ड जसाच्या तसा जात नाही हे खरं पण जे जातं त्यातून तो काढता येतो, 2012 सालीच डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत हे दाखवून झालंय. आणि बहुतेक ठिकाणी तोच पासवर्ड मेलला, रिझल्टला, फीला. गुगलने अँड्रॉइड 11 मध्ये, डिसेंबर 2020 च्या अपडेटपासून, पिक्सेल या स्वतःच्या फोनवरून हा ऑप्शन काढायला घेतला तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली, मला विचाराल तर उशीरच केला.

फाइलचं तर अजून भारी. फोनमध्ये सर्टिफिकेट टाकायला गेलं की सीए, व्हीपीएन-ॲप आणि वायफाय असे वेगवेगळे पर्याय येतात. सूचनेतल्या स्क्रीनशॉटमध्ये पहिल्यावर गोल केलाय! तिथे फोन स्वतःच सांगतो की तुमचा डेटा खाजगी राहणार नाही, आणि खाली कॉलेजची सूचना, 'घाबरू नका, इन्स्टॉल एनीवे दाबा'. असं टाकलेलं सर्टिफिकेट ब्राउझरही मानतो, म्हणजे त्याची चावी ज्याच्याकडे त्याला खोट्या साइट खऱ्या म्हणून दाखवता येतात. 2019 ला कझाकस्तान सरकारने लोकांना असंच एक टाकायला लावलं होतं, शेवटी गुगल, मोझिला, ॲपल तिघांनी ते ब्लॉक केलं. कॉलेजच्या मनात तसलं काही नसणार, पण व्हॉट्सॲपवर आलेली फाइल डोळे मिटून टाकायची सवय आपणच लावतोय ना.

करायचं तसं फार नाही. सर्व्हरला फोन आधीपासूनच मानतो अशा नेहमीच्या सर्टिफिकेट कंपनीचं सर्टिफिकेट घेतलं तर नव्या फोनवर 'यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स' निवडून डोमेन (कॉलेजच्या सर्व्हरचं नाव) टाकलं की झालं, फाइल लागतच नाही. स्वतःचंच वापरायचं असेल तर कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवा आणि 'वायफाय सर्टिफिकेट' मध्येच टाकायला सांगा. ज्यांच्याकडे एड्युरोम, म्हणजे शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय, आहे (आपल्याकडे अर्नेट या शिक्षण-संशोधन नेटवर्कमार्फत मिळतं) त्यांना गेटएड्युरोम ॲप फुकट आहे, सगळं सेटिंग तेच करतं.

आणि ज्या पोरांनी आधीच टाकून ठेवलंय त्यांनी सिक्युरिटी सेटिंगमधल्या 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स' मध्ये 'युजर' टॅब उघडून ते काढावं, मग पासवर्ड बदलावा.

– एक वाचक, पुणे