परवाना आमचा, मजकूरही आमचा. मग फाईल का उघडू नये?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'विंडोज १०'ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून जुना संगणक भंगारात काढू नका, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाका, असे जो तो सांगतो. सल्ला चांगला आहे. नौपाड्यात आमचे छपाईचे आणि डीटीपीचे छोटे दुकान आहे. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्यामुळे 'विंडोज ११'ने नाकारलेल्या यंत्रांवर आम्ही तो अमलातही आणला. बिले लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये निघतात, प्राप्तिकराचे विवरणपत्र ब्राउझरमधून भरता येते, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आत तयारच असतो. घोडे अडले ते नेमके पोटापाण्याच्या कामात.

लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तके हे काम आमच्यासारख्या दुकानांत अजून पानांची मांडणी करणाऱ्या पेजमेकर ७.० या सॉफ्टवेअरवर चालते. ही आवृत्ती २००१ सालची, तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारे जागतिक मानक, कळत नाही. म्हणून मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर वेगळे विकत घ्यायचे. त्यासोबत पेनड्राइव्हएवढे 'लॉक' येते. ते खोचल्याशिवाय मराठी टाइपच होत नाही, आणि आमच्या लॉकला लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम (ड्रायव्हर) नाही. सोसायटीचा जुना अहवाल लिनक्सवर उघडला, तर 'अध्यक्ष व सचिव' असायला हवे तिथे इंग्रजी अक्षरे, डॉलर, टक्के आणि उलटसुलट कंस. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपापली अक्षरे आपापल्या खणांत ठेवली. कोणत्या खणात काय, याचा तक्ता त्यांच्याकडे. वर्षानुवर्षे आम्ही टाइप केलेला मजकूर आमच्याच यंत्रात असून आम्हालाच वाचता येत नाही.

विक्रेत्याकडे चौकशी केली. नवी आवृत्ती घ्या, तीही विंडोजवरच चालेल, असे उत्तर मिळाले. लिनक्सच्या आत आभासी यंत्र (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) करून त्यात विंडोज चालवावे, तर मराठी सॉफ्टवेअरच्या परवान्यात आभासी यंत्राला मनाई. शिवाय संगणकाबरोबरच आलेले (ओईएम) विंडोज त्याच यंत्रापुरते असते. यंत्र गेले की परवानाही गेला.

यात कायदा ग्राहकाच्या अगदीच विरोधात आहे असेही नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एबी) नुसार, स्वतंत्रपणे तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर प्रोग्राम कायदेशीररीत्या बाळगणारा ती स्वतः मिळवू शकतो. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए, हक्कभंगाच्या हेतूने लॉकसारखे संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगते. आमचा हेतू तसा नव्हता हे पटवून द्यायला कोर्टाची पायरी कोण चढणार? आणि इन्स्टॉल करताना 'मान्य आहे' वर क्लिक करून आपण काय काय सोडून दिले, ते सांगायला वकीलच गाठावा लागेल.

गंमत म्हणजे ज्याने लॉक मोडून केलेली (क्रॅक) चोरटी प्रत टाकली, त्याला लॉकचा प्रश्नच नाही. पावती घेऊन पैसे मोजणारा तेवढा अडकतो.

सॉफ्टवेअर फुकट द्या, असे माझे म्हणणे नाही. त्या मंडळींनीही मेहनत केली आहे, मराठी छपाई संगणकावर आली ती त्यांच्यामुळेच. लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढायला ग्राहक पुरेसे नाहीत, हेही समजू शकतो. मात्र जी आवृत्ती विकणे बंद केले, तिचा अक्षरांचा तक्ता खुला करायला काय हरकत आहे? तो हाती आला की जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी छोटी स्क्रिप्ट कॉलेजातला मुलगाही लिहील.

केंद्र सरकारचे ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० चे, आणि मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे २०१५ चे. ती सरकारी कार्यालयांसाठी आहेत, आमच्यासारख्यांना त्यातून थेट काही मिळत नाही. पण राज्य सरकार आणि महापालिका छपाईची कामे देतात. निविदेत 'छापील प्रतींबरोबर मजकूर युनिकोडमध्ये द्यावा' एवढी एक अट घातली, तर फॉन्ट विकणाऱ्यांना तक्ते बाहेर काढावेच लागतील. मुद्रकांच्या संघटनांनी ही मागणी लेखी करावी आणि आपल्या वृत्तपत्राने ती लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक मुद्रक,
नौपाडा, ठाणे (प.)