दारूचं दुकान नव्हे गं आई, सराई

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "एवढा विमानाचा खर्च करून यायचं आणि तू आम्हाला दारूच्या दुकानात नेणार?" बाबा मागे हसत होते तेही ऐकू आलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

'जॉर्ज इन' ही लंडन ब्रिजच्या दक्षिणेची, बरो हाय स्ट्रीटवरची जुनी सराई. शहरात शिरायला थेम्सवर कित्येक शतकं हाच एक पूल होता आणि रात्री त्याचे दरवाजे लागत. उशीर झाला की अलीकडेच मुक्काम. म्हणून या रस्त्याला सरायांची रांगच होती. कँटरबरीच्या यात्रेला निघणारे लोकही इथेच उतरत, म्हणजे तुझ्या दृष्टीनेही जागा अगदीच वाईट नाही.

बाबा, तुम्ही मात्र यायलाच हवं. हा घोडागाड्यांचा एसटी स्टँड होता! अंगणात गाड्या लागायच्या, केंट-ससेक्सकडे सुटायच्या. घोडे तबेल्यात, गाडीची वाट बघणारे खालच्या खोलीत, मुक्कामाचे प्रवासी वर. वरच्या खोल्यांपुढे लाकडी सज्जे आहेत, एकावर एक असे दोन. कठड्याला टेकून उभं राहिलं की खाली कोणती गाडी लागली ते दिसत असणार. तुम्ही तिथून हलला नसता.

शेक्सपिअर इथे येऊन बसायचा, असं कुणी ना कुणी सांगतंच. तो गेला 1616 मध्ये, आणि आजची इमारत 1676 च्या मोठ्या आगीनंतर बांधलेली. सराई त्याआधीपासून त्याच जागी होती, एवढं खरं.

या स्टँडला मारलं ते रेल्वेने. 1836 मध्ये लंडन ब्रिज स्टेशन सुरू झालं, इथून चालत पाच मिनिटांवर. घोडागाडीत आता बसतंय कोण? पुढे सराई रेल्वे कंपनीच्याच हाती गेली आणि 1889 मध्ये कंपनीने अंगणाच्या दोन बाजू पाडून टाकल्या. राहिली ती फक्त दक्षिणेची बाजू. 1937 मध्ये रेल्वेनेच ती नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिली. सज्जे असलेली अशी सराई लंडनमध्ये आता ही एकच. उरलेला भाग बघून मला पाडलेल्याचा रागच जास्त येतो. बाबा, तुम्ही म्हणाल, तोट्यातला डेपो कोण चालवतं!

आत भिंतीवर एक भलंमोठं घड्याळ आहे. 1797 मध्ये पंतप्रधान पिटने घड्याळांवर कर बसवला, खिशातल्या सोन्याच्या घड्याळाला वर्षाला 10 शिलिंग. लोकांनी घड्याळं वापरणं सोडलं, घड्याळजींचं दिवाळं वाजायची वेळ आली आणि वर्षाच्या आत सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. सरायांमधल्या अशा मोठ्या घड्याळांना त्या कायद्याचंच नाव चिकटलं. खरं तर ती आधीपासून होती. गाडी पकडायची तर लांबून वेळ दिसायला नको का?

आई, आत दारू मिळते, ते लपवत नाही. पण दुपारी पोराबाळांसकट माणसं जेवायला येतात. तुझ्यासाठी बटाट्याच्या चिप्स आणि चहा, पिणाऱ्यांकडे पाठ करून बस हवं तर. जमिनी उंचसखल आहेत, जिना जुना आहे. तुझ्या गुडघ्यांसाठी आपण खालीच टेबल घेऊ, बाबांना वर जाऊन येऊ दे. जवळच बरो मार्केट आहे, तिथे भाज्या आणि चीज बघत तू तासभर सहज रमशील. शनिवारी नको, तिथे पाय ठेवायला जागा नसते.

व्हिसाचे कागद बाबांनी एकदा नीट तपासावेत. आणि मेतकुटाचा डबा हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत ठेव.

तुमची,
मनू