तानपुऱ्याला मानांकन मिळाले, जवारीचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हा सांगलीकरांना मनापासून आनंद झाला. पण गेल्या महिन्यात माझा तानपुरा जवारीसाठी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून नाद भरीव करून घेण्यासाठी, मिरजेला घेऊन गेलो आणि मनात काळजी घेऊन परतलो.

मानांकन राखते ते नाव. दुसरीकडे बनलेले वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकता येत नाही. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. हे हवेच होते. पण वाद्य घडवणारा हातच उरला नाही, तर त्या नावाने विकायचे काय?

जवारी काढताना मी शेजारीच बसलो होतो. कारागिरांनी घोडीचा माथा कानशीने जरासा घासला, तार छेडली, कान लावला, पुन्हा घासला. मग तारेखाली सुताचा धागा हळूहळू सरकवत नेला, आणि एका जागी बोथट वाटणारा षड्ज भरून बोलू लागला. तासभर हेच चालले होते. किती घासायचे हे कसे शिकलात, असे विचारले. म्हणाले, “वडिलांच्या शेजारी बसून. आधी नुसतं ऐकायचं.” त्यांच्या शेजारी बसणारे आता घरात कोणी नाही. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत रुजवलेली ही विद्या आहे. वाद्यासाठी लागणारा मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा आजही आणता येईल, पण तो कान कुठून आणणार?

युनेस्कोच्या २००३ च्या करारात अमूर्त सांस्कृतिक वारशाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात पारंपरिक कारागिरी येते. भारताने हा करार २००५ मध्ये स्वीकारला. इटलीतल्या क्रेमोनाची व्हायोलिन घडवण्याची कारागिरी २०१२ मध्ये, तर पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची पितळ-तांब्याची भांडी घडवण्याची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मिरज यांच्यापेक्षा कुठे कमी आहे?

मात्र या यादीसाठी लागणारा प्रस्ताव दिल्लीत बसून कोणी तयार करून देणार नाही. ज्यांची परंपरा, त्यांचा सहभाग आणि त्यांची समजून-उमजून दिलेली संमती ही त्यातली मुख्य अट आहे. परंपरा देशाच्या सूचीत आधी नोंदलेली असावी लागते आणि ती पुढे कशी टिकवणार हेही सांगावे लागते. आपल्याकडे हे काम संगीत नाटक अकादमी पाहते. यादीत नाव लागायला वर्षे लागतील, कदाचित लागणारही नाही. तरी त्या निमित्ताने जुन्या कारागिरांचे काम चित्रित झाले, कुठल्या घरात कोण काय करतो याची नोंद झाली आणि शिकणाऱ्या मुलांना विद्यावेतन मिळाले, तर माझ्या मते तेच खरे जतन. महापालिकेने आणि इथल्या महाविद्यालयांनी यात खर्चाचा व लेखनाचा भार उचलावा. काय नोंदवायचे आणि काय घरातच ठेवायचे, हे मात्र कारागिरांनीच ठरवावे.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. बाहेरगावचे गायक-वादक हजेरी लावायला येतात. यंदा तिथेच कारागिरांसाठी एक सकाळ राखून ठेवावी आणि ज्यांच्या मांडीवर मिरजेचा तानपुरा असतो, त्या कलावंतांचे अनुभव नोंदवून घ्यायला सुरुवात करावी, अशी संयोजकांना कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली