कशापैकी?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

उत्तरपत्रिकेचे फोटो मिळाले, पान न् पान पाहिलं. गुणाकार-भागाकार कुठेही चुकलेला नाही, सूत्रंही पाठ आहेत. गुण गेलेत ते जवळजवळ सगळे एकाच जागी, छेदात. अंशावर दहा मिनिटं घालवायची आणि छेद सवयीने लिहून टाकायचा, हे प्रॉबॅबिलिटीत खपत नाही. आपल्याकडे त्यासाठी चोख शब्द आहे, 'पैकी'. पेन टेकवण्याआधी 'कशापैकी?' याचं उत्तर एका वाक्यात समासात लिहीत जा.

पहिला प्रश्न बघ. दोन फाशांची बेरीज ७ येण्याची संभाव्यता तू १/११ लिहिलीस, कारण बेरजा २ ते १२ अशा अकरा. पण २ यायला १ आणि १ हा एकच मार्ग, ७ यायला सहा. त्या अकरा बेरजा समान शक्यतेच्या नाहीत, म्हणून त्यांना छेदात बसवता येत नाही. एक फासा लाल, एक पांढरा धर आणि सहा बाय सहाचा तक्ता आख. ३६ घरं, सगळी सारख्या वजनाची. ७ ची सहा घरं तिरक्या ओळीत दिसतील. ६/३६, म्हणजे १/६.

सशर्त संभाव्यतेलाही हाच तक्ता पुरतो. 'लाल फाशावर ६ आहे' असं कळलं तर एकच ओळ उरते, सहा घरांची. दोन्ही ६ असण्याची संभाव्यता १/६. 'निदान एकावर ६ आहे' एवढंच कळलं तर एक ओळ आणि एक स्तंभ उरतो, कोपऱ्यातलं घर दोन्हीत एकच, म्हणून अकरा घरं, उत्तर १/११. वाक्यं कानाला सारखी वाटतात, पैकी मात्र वेगळं. अट आली की बाकीची घरं खोडायची, बस.

पत्त्यांच्या गणितात तू अंश क्रमाने मोजलास आणि छेद क्रमाविना. ५२ पानांतून दोन एक्के: ६/१३२६ म्हण (दोन्हीकडे क्रमाविना) किंवा १२/२६५२ म्हण (दोन्हीकडे क्रमाने), दोन्ही १/२२१ च. १२/१३२६ मात्र कुठलंच नाही.

रोगचाचणीचा प्रश्न बहुतेक सगळ्यांचा चुकतो, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस. १% लोकांना रोग, रोग्यांपैकी ९०% ना चाचणी पॉझिटिव्ह, निरोगींपैकी ९% ना चुकून पॉझिटिव्ह. बेझचं सूत्र, म्हणजे अट उलटवून संभाव्यता काढायचं सूत्र, बाजूला ठेव आणि हजार माणसं घे. १० रोगी, त्यांतले ९ पॉझिटिव्ह. ९९० निरोगी, त्यांतले सुमारे ८९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ९८, पैकी रोगी ९. साधारण ९%. तू ९०% लिहिलंस, म्हणजे 'रोग्यांपैकी पॉझिटिव्ह' आणि 'पॉझिटिव्हपैकी रोगी' यांची अदलाबदल झाली. आधी माणसं मोजायची, मग सूत्राने ताळा घ्यायचा.

परस्पर अपवर्जक आणि स्वतंत्र हे शब्द तू एकमेकांच्या जागी वापरतेस. अपवर्जक घटनांत एक घडली की दुसरी घडणारच नाही. एकीच्या बातमीने दुसरीची संभाव्यता शून्य होते. स्वतंत्र घटनांत मात्र एकीच्या बातमीने दुसरीची संभाव्यता बदलतच नाही. दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर अशा घटना स्वतंत्र असूच शकत नाहीत. बेरीज अपवर्जकांची, साधा गुणाकार स्वतंत्रांचा. चार वेळा फासा टाकून निदान एक ६ येण्यासाठी १/६ चारदा मिळवलास तर २/३ येतं. त्याच हिशेबाने सात वेळा टाकल्यावर १ च्या वर जाशील! 'निदान एक' दिसलं की 'एकही नाही' काढून १ मधून वजा कर: १ − (५/६)^४ = ०.५१८.

आता दुसरा भाग, स्टॅटिस्टिक्सचा. २, ४, ९ चा मध्य ५, विचलनं −३, −१, ४, वर्गांची बेरीज २६. ३ ने भागलं तर ८.६७, २ ने भागलं तर १३. नमुन्यावरून समष्टीचं, म्हणजे सगळ्या गटाचं, प्रचरण (विचलनांच्या वर्गांची सरासरी) अंदाजायचं असेल तर २ ने. विचलनं आपण नमुन्याच्याच मध्यापासून मोजतो, त्यांची बेरीज शून्य होणं बांधलेलं आहे, म्हणून दोन मोकळी आणि तिसरं ठरलेलं. शिवाय वर्गांची बेरीज त्या मध्यापाशीच सर्वांत लहान असते, त्यामुळे ३ ने भागलं की अंदाज सरासरीने कमी पडतो. कॅल्क्युलेटरवर दोन्हींची बटणं वेगळी असतात. कोणतं कुठलं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी याच तीन आकड्यांवर तपासून ठेव.

इथून पुढे पैकी बदलतं. माणसांपैकी नाही, नमुन्यांपैकी. उंचीचं प्रमाण विचलन ६ सेंमी हे माणसामाणसातलं अंतर. ३६ जणांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ६/√३६ = १ सेंमी, हे नमुन्या-नमुन्यातलं अंतर. ते निम्मं करायला १४४ माणसं लागतात. पी-व्हॅल्यूतही तेच: शून्य परिकल्पना, म्हणजे 'काही फरकच नाही' हे गृहीतक, खरी धरली, तर अशा नमुन्यांपैकी किती आपल्याइतके किंवा त्याहून टोकाचे निघाले असते? 'परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता ३%' असं तू लिहिलंस ती रोगचाचणीचीच अदलाबदल.

मात्र नमुना वाढवून फक्त यादृच्छिक, म्हणजे योगायोगाची, त्रुटी घटते, कल, म्हणजे एकाच बाजूला झुकणारी चूक, घटत नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहण्यांत (शेतातला छोटा प्लॉट कापून उत्पन्नाचा अंदाज घेतात त्या) हेच दाखवलं: प्लॉट फार लहान असेल तर उत्पन्न जास्त दिसतं. कडेवरची रोपं आत घेण्याकडे मोजणाऱ्याचा हात वळतो, आणि १ मीटर चौरसाला दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड असते, ५ मीटर चौरसाला फक्त ०.८. असे हजार प्लॉट कापले तरी चूक तिथेच.

रोज चार गणितं पुरेत, पण उत्तर न बघता. आकडेमोडीआधी अंदाज लिही. निम्म्याच्या वर की खाली, एवढा तरी. सहामाहीचा तिसरा आणि पाचवा प्रश्न पुन्हा सोडव आणि रविवारपर्यंत फोटो पाठव. उत्तरं नंतर बघू, आधी समासातली वाक्यं.

तुझी,
आई