१८० दिवस पाळता येतात, मग ४५ का नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योजकांनी आता जागतिक दृष्टी बाळगावी, असा उपदेश करणारा लेख आपल्या कालच्या अंकात वाचला. लेखकमहाशयांची भाषा ओघवती आहे याविषयी दुमत नाही. सोबतचे यंत्रमानवांचे छायाचित्रही देखणे आहे. फक्त त्या छायाचित्रातील कारखान्याच्या सुरक्षारक्षकाच्या खोलीएवढीच माझी कचेरी असेल. भोसरी एमआयडीसीत गेली बावीस वर्षे मी दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) आणि तीन साध्या लेथवर हायड्रॉलिक फिटिंग, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या नळ्या जोडणारे सुटे भाग, बनवतो. ती विकत घेणारी कंपनी पुढे तीच फिटिंग जर्मनीला आणि अमेरिकेला पाठवते. म्हणजे जागतिक बाजारपेठेत माझा माल कधीच पोचला आहे. तिथले पैसे तेवढे माझ्यापर्यंत पोचायचे आहेत.

कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळण्याची हमी दिली असल्याने लघुउद्योजकांची ओरड आता अनाठायी आहे, हे लेखातील वाक्य मी दोनदा वाचले. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा तो कायदा मलाही पाठ आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असेही त्यात लिहिलेले आहे, आणि आजवर असे व्याज मिळालेला एकही कारखानदार आमच्या गल्लीत मला भेटलेला नाही. माझी बिले साधारण एकशेसत्तराव्या दिवसाच्या आसपास चुकती होतात. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) कंपनीला व्याजासह परत करावे लागते, त्यामुळे १८० ही मर्यादा त्यांचा लेखा विभाग देवाच्या वारासारखी पाळतो. ४५ दिवसांत पैसे न दिल्यास तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळणार नाही, अशी तरतूद २०२४ पासून लागू झाली तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण पैसे ३१ मार्चपर्यंत चुकते झाले की त्याच वर्षी तो खर्च वजा मिळतो, ही पळवाट कंपन्यांना आमच्या आधी कळली. तेव्हापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ‘साहेब, तुमचे किती बाकी आहे?’ असे अत्यंत मायेने विचारणारा फोन येतो आणि एप्रिल उजाडला की तोच माणूस ओळख दाखवत नाही.

दरम्यान सरकारला मात्र थांबता येत नाही. समजा, मी ३ लाख २० हजारांचा माल दिला, तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी ५७ हजार ६०० रुपये होतो. पोलादाच्या खरेदीवर भरलेला कर वजा जाता उरलेली रक्कम मला पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत भरावी लागते, बिलाचा एक रुपयाही हाती आलेला नसताना. ती मी बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून भरतो. त्याआधी ११ तारखेला माझे विवरणपत्र भरलेले नसेल, तर कंपनीला क्रेडिट दिसत नाही म्हणून बाराव्या तारखेला सकाळी त्यांचा फोन वाजतो. निर्यात केल्यामुळे कंपनीला त्या कराचा परतावाही मिळतो. मी कर्ज काढून भरलेला कर तिला परत मिळतो आणि मला काय मिळते, तर जागतिक दृष्टी बाळगण्याचा सल्ला.

याच कंपनीने दोन वर्षांपूर्वी मला बेचाळीस हजारांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, पाठवली, ती हकीकत लेखकमहाशयांनी अवश्य ऐकावी. सहा हजार अडॅप्टरपैकी बाराशे नगांचे आटे गेजमध्ये (माप तपासायच्या साधनात) बसत नाहीत, असे तिच्यात म्हटले होते. मालाबद्दल हरकत असल्यास ती पंधरा दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा माल स्वीकारला असे समजावे, असे कायदा सांगतो. ही हरकत माझ्याकडे आली ती माल गेटमध्ये शिरल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, पैशांसाठी मी चौथ्यांदा फोन केल्यानंतरच्या आठवड्यात. मी माझा गेज घेऊन गेलो. त्यांच्या तपासणीच्या टेबलावर जो गेज होता, त्याच्यावरच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासल्याच्या) चिठ्ठीवरील मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली होती. ती चिठ्ठी मी तिथल्या इंजिनिअरला दाखवली, तेव्हा त्याने ती नखाने काढून खिशात टाकली. मग मी म्हटले, ठीक आहे, नाकारलेले बाराशे नग मला परत द्या, भंगाराचे तरी पैसे सुटतील. बराच वेळ स्टोअर आणि डिस्पॅच यांच्यात फोनाफोनी झाली आणि शेवटी कळले की ते बाराशे नग उरलेल्या अठ्ठेचाळीसशे नगांबरोबर कधीच हॅम्बुर्गच्या जहाजावर चढले होते. भोसरीत नापास झालेला माल जर्मनीत पास झाला. ‘पुढच्या बिलात ॲडजस्ट करू’ असे मला सांगण्यात आले. दोन वर्षे झाली, ते पुढचे बिल अजून आलेले नाही.

तक्रार का केली नाही, असे कोणी विचारील. थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी ‘समाधान’ नावाचे सरकारी संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झाले आणि अशा तक्रारीचा निकाल त्यासाठी नेमलेल्या सरकारी परिषदेने ९० दिवसांत द्यावा, असे कायद्यातच म्हटले आहे. माझ्या शेजारच्या शेडमधील कारखानदाराने एका कंपनीविरुद्ध तिथे तक्रार केली. निकालाला ९० दिवसांपेक्षा कितीतरी जास्त काळ लागला, पण त्याच्या ऑर्डरी मात्र तक्रारीच्या दिवशीच बंद झाल्या. त्या बाबतीत कंपनीने दाखवलेली तत्परता वाखाणण्यासारखी होती.

अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये अनेक भारतीय वस्तूंवरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा ‘तुम्हीही थोडा भार उचला’ म्हणून पर्चेस विभागाने माझा दर आठ टक्क्यांनी उतरवला. मी उचलला. पण जर्मनीला जाणाऱ्या फिटिंगचा दरही त्याच पत्राने उतरला. जर्मनीने कोणते शुल्क लावले, असे विचारल्यावर ‘आम्ही सगळ्या व्हेंडरना एकच न्याय लावतो’ असे उत्तर मिळाले. पोलादाचे बार (सळ्या) देणारा व्यापारी मला असा न्याय लावत नाही. तो रोख पैसे मोजून घेतल्याशिवाय टेम्पो सोडत नाही.

लेखात यांत्रिकीकरणाचाही आग्रह धरलेला आहे, तर जाता जाता एवढेच विचारतो की गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते हे आम्हाला मान्य आहे आणि त्या दिवशी आम्ही सुट्टीही घेतो; पण सोमवारी भर दुपारी पूर्वसूचना न देता वीज गेली आणि चालू कटमध्ये इन्सर्ट (धातू कापणारे टोक) तुटला, तर तो खर्च आम्ही कोणत्या जागतिक दृष्टीने पाहावा?

सरकारने १ एप्रिल २०२५ पासून ‘लघु’ची मर्यादा शंभर कोटींच्या उलाढालीपर्यंत वाढवली आहे. दीड कोटीची उलाढाल करताना माझी दमछाक होते, त्यामुळे सरकारी भाषेत मी ‘सूक्ष्म’ ठरतो. लेखात आम्हा सर्वांना ‘लघु’ म्हटले आहे, त्याबद्दल मी लेखकमहाशयांचा आभारी आहे.

हे पत्र छापल्यास माझे नाव कृपया देऊ नये. त्या कंपनीच्या स्वागतकक्षात आपलाच अंक येतो आणि माझी तीन बिले अजून पास व्हायची आहेत.

आपला,
एक कारखानदार, भोसरी